उत्पादन खर्च आणि पुरवठा ऑनलाइन शिकवताना: आकृती आधी की आकडे?

खडूवाला (धागाकर्ता)

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांसाठी आमचा एक प्राथमिक अभ्यासक्रम संध्याकाळी ऑनलाइन चालतो आणि त्यातल्या एका प्रकरणाने मला गेली तीन सत्रे छळले आहे. मागणीचे प्रकरण सुरळीत जाते, कारण गिऱ्हाईक होण्याचा अनुभव प्रत्येकाला असतो. पुरवठ्याकडे वळलो की विद्यार्थ्याला गल्ल्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे लागते, आणि तिथे त्याच्या हाती एकदम सात-आठ प्रकारचे खर्च पडतात: स्थिर, बदलता, एकूण, त्या तिघांच्या सरासऱ्या, आणि या सगळ्यांत वेगळ्या चालीचा सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढायला लागणारा वाढीव खर्च.

वर्गात फळा होता तेव्हा ही अडचण इतकी जाणवत नव्हती. मी एक रेघ ओढायचो, मुले तीच रेघ वहीत ओढायची, आणि माझा हात जिथे थबकायचा तिथे त्यांचाही थबकायचा. पडद्यावर मात्र तयार आकृती येते. चार वक्र, दोन अक्ष आणि तीन छेदनबिंदू असे सगळे एकाच क्षणी मुलांसमोर उभे राहते, तेही बहुतेकांच्या हातातल्या मोबाइलवर. 'समजले का' असे विचारले की सगळे अंगठे वर करतात. चाचणीत मात्र सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूवर का छेदतो, याचे उत्तर 'आकृतीत तसे दिसते म्हणून' असे येते.

म्हणून या सत्रात मी आकृती पूर्णपणे बाजूला ठेवली आणि सामायिक तक्त्यात एक पोळी केंद्र उभे केले. त्याचे एका संध्याकाळचे भाडे आणि इतर ठरलेला खर्च ६०० रुपये आहे. शेगड्या दोनच आहेत. एका बाईची संध्याकाळची मजुरी ३०० रुपये, आणि पीठ, तेल, गॅस मिळून पोळीमागे ३ रुपये लागतात. एकट्या बाईला मळणे, लाटणे, भाजणे सगळेच करावे लागते. दुसरी आली की कामे वाटली जातात आणि उत्पादन दुपटीहून जास्त होते. चौथी-पाचवीला शेगडीपाशी जागाच उरत नाही.

बायका | पोळ्या | एकूण खर्च | सरासरी खर्च | वाढीव पोळीमागे खर्च
१ | १०० | १२०० | १२.०० | ६.००
२ | २४० | १९२० | ८.०० | ५.१४
३ | ३४० | २५२० | ७.४१ | ६.००
४ | ४०० | ३००० | ७.५० | ८.००
५ | ४३० | ३३९० | ७.८८ | १३.००

पहिले तीन स्तंभ मी भरून दिले. शेवटचे दोन प्रत्येकाने स्वतःच्या प्रतीत भरायचे होते. मग प्रश्न विचारला: पोळी १० रुपयांना विकली जात असेल तर किती बायका ठेवाल? पन्नासातल्या जवळजवळ निम्म्या मुलांनी पाच असे उत्तर दिले. कारण विचारल्यावर एकाने फार नीट मांडणी केली: 'सर, पाच बायकांना सरासरी खर्च ७.८८ आहे, म्हणजे प्रत्येक पोळीवर दोन रुपयांच्या वर सुटतात, मग का थांबायचे?' मी चूक दाखवली नाही. चार आणि पाच या दोन्ही ओळींचा नफा काढायला सांगितला. चारला १००० रुपये आले, पाचला ९१०. काही क्षण कोणीच बोलले नाही, आणि मग गप्पांच्या चौकटीत त्याच मुलाने लिहिले, 'शेवटच्या ३० पोळ्या १३ ला पडल्या आणि १० ला विकल्या.' माझ्या मते त्या दिवशी शिकवायचे होते ते सगळे या एका वाक्यात आले होते.

पुढे किंमत बदलत नेली. १४ रुपये असेल तर पाचवी बाई परवडते आणि ४३० पोळ्या होतात. १० ला ४००, आणि ७ ला ३४०. सात रुपयांना १४० रुपये तोटा होतो, तरीही केंद्र उघडे ठेवायचे, कारण बंद ठेवले तर भाड्याचे ६०० अंगावर येतात. पाच रुपये झाल्यावर मात्र पोळीमागे मजुरी-पिठाचा खर्च सर्वांत कमी असलेल्या ओळीतही, म्हणजे दोन बायकांच्या ओळीत, मजुरी आणि पिठाचेच १३२० रुपये होतात आणि विक्री १२०० ची, म्हणून त्या दिवशी कुलूप. या जोड्या मुलांनी कागदावर बिंदू म्हणून मांडल्या आणि त्या कागदाचे छायाचित्र पाठवले. 'हा तुमच्या केंद्राचा पुरवठा वक्र' असे मी त्यानंतर सांगितले.

इथपर्यंत मी समाधानी होतो. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने ध्वनिक्षेपक सुरू केला. मागे लाटण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती म्हणाली, 'सर, आमच्याकडे आई पोळ्यांचेच काम घेते. पण संध्याकाळची मजुरी कोणी देत नाही, शेकड्यावर पैसे मिळतात. मग तुमच्या तक्त्यातला शेवटचा स्तंभ वर कसा जाईल?'

मी त्या क्षणी 'चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला पाहू' असे म्हटले. शिक्षक असे म्हणतो तेव्हा त्याला उत्तर सुचलेले नसते, हे इथल्या शिक्षकमंडळींना सांगायला नको. आपण हे प्रकरण कसे शिकवता, कोणती उदाहरणे घेता, आणि आकृती कधी आणता, हे वाचायला मला आवडेल.

---

शब्दार्थी

सर, धागा आवडला. मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते. माझा अनुभव असा की निम्मी अडचण आकृतीच्या आधी, शब्दातच असते. 'सीमांत' म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे सीमा येते, म्हणजे शेवट, कमाल मर्यादा. एका मुलीने उत्तरपत्रिकेत 'उत्पादकाला परवडेल असा जास्तीत जास्त खर्च म्हणजे सीमांत खर्च' असे लिहिले होते. शेतीच्या प्रकरणात 'सीमांत शेतकरी' येतो, म्हणजे एक हेक्टरच्या आतला, तेव्हा गोंधळात भर पडते. मराठीचा कोश उघडून बसणारा विद्यार्थी तर अधिकच फसतो.

आपण तक्त्यात 'वाढीव पोळीमागे खर्च' असे लिहिले आहे, हे मला फार बरोबर वाटते. मी स्वतः पहिले दोन तास 'पुढच्या नगाचा खर्च' एवढेच म्हणते आणि कल्पना रुजली की मगच सांगते की परीक्षेत याला सीमांत खर्च म्हणायचे. समोरासमोरच्या वर्गात चुकीचा अर्थ चेहऱ्यावर दिसतो. ऑनलाइन तासाला कॅमेरे बंद असतात, म्हणून तो अर्थ थेट उत्तरपत्रिकेत भेटतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

सरासरी आणि सीमांत यांचे नाते सांगायला मी क्रिकेट वापरते. फलंदाजाची सरासरी ४० आहे. पुढच्या डावात तो २० वर बाद झाला तर सरासरी खाली येते, ६० वर बाद झाला तर वर जाते. शेवटचा डाव म्हणजे सीमांत. सरासरी घसरत असताना सीमांत तिच्या खाली असलाच पाहिजे आणि ती वाढत असताना वर असलाच पाहिजे, म्हणजे जिथे घसरण थांबून चढ सुरू होतो तिथेच दोघांची गाठ पडणार. हे कळले की छेदनबिंदू पाठ करावा लागत नाही. तुमच्या तक्त्यातही तेच आहे: चौथ्या ओळीत ८ हा आकडा ७.४१ च्या वर गेला आणि सरासरी लगेच ७.५० झाली.

---

रात्रपाळी

मी विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. कारखान्यात काम करून दूरस्थ पद्धतीने बी.कॉम. करत आहे. आकृती बाजूला ठेवायची कल्पना छान आहे, पण परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न 'आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा' असाच येतो आणि अक्षांना नावे नसतील तर गुण कापले जातात. त्यामुळे कृपया आकृती शेवटी आणा, पण आणा. तक्त्यावरून स्वतः काढलेली आकृती मात्र विसरली जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरे म्हणजे, मोबाइलवर एका वेळी तक्ता आणि शिक्षक दोन्ही दिसत नाहीत. तक्ता आदल्या दिवशी पाठवला तर आम्ही वहीत उतरवून ठेवू शकतो.

---

नारायणगावकर

माझा पेशा शेतीचा, शिक्षण वाणिज्य शाखेचे. बंद करण्याचा बिंदू, म्हणजे ज्या भावाखाली उत्पादन थांबवलेलेच बरे तो भाव, शिकवायला टोमॅटोइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

रस्त्याच्या कडेला टोमॅटो ओतलेले दिसले की शहरातला माणूस हळहळतो आणि विचारतो, 'मिळतील तेवढे पैसे घेऊन विकून का टाकले नाहीत?' हिशेब असा असतो. रोपे, मल्चिंगचा कागद, तारा-बांबू, औषधे, खते यांचा पैसा लागवडीपासून जात राहतो. माल तोडणीला आला तेव्हा तो सगळा खर्च होऊन गेलेला असतो. तोडा करा किंवा नका करू, तो परत येत नाही. तोड्याच्या दिवशी विचार फक्त पुढच्या खर्चाचा करायचा: तोडणीची मजुरी, गाडीभाडे, हमाली, तोलाई. समजा २० किलोच्या क्रेटमागे हा सगळा खर्च ७० रुपये येतो. बाजारात क्रेटला ९० मिळत असतील तर एकरी लाखभर तोटा होणार हे स्पष्ट दिसत असूनही माणूस तोडा करतो, कारण क्रेटमागे २० तरी सुटतात. भाव ६० झाला की माल झाडावर सोडतो, किंवा गाडी निघाल्यावर भाव पडल्याचे कळले तर परतीचा खेप-खर्च टाळायला वाटेत रिकामी करतो. रागापोटी ओततात तो भाग वेगळा, पण त्या रागाखाली हिशेब पक्का असतो.

हेच शेत २०२३ च्या जुलैमध्ये आठवून पाहा. टोमॅटो किरकोळ बाजारात शंभर रुपये किलोच्या पुढे गेला होता. तेव्हा ज्यांच्याकडे तोडे सुरू होते ते एरवी सोडून दिला असता असा बारका, डागी मालही वेचून बाजारात नेत होते. त्या आठवड्यात नवे झाड उगवणार नव्हते, पण असलेल्या झाडावरून जास्त माल काढणे शक्य होते. भाव वाढला की पुरवठा वाढतो, या वाक्याचा अल्पकाळातला अर्थ एवढाच. लागवडी वाढल्या त्याचा माल पुढे आला आणि सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले, तो दीर्घकाळाचा धडा.

सर, आपल्या मुलांना एक प्रश्न माझ्या वतीने विचारा. लागवडीचा खर्च 'बदलता' आहे की 'स्थिर'? पुस्तक म्हणते बियाणे आणि खत बदलते. तोड्याच्या दिवशी मात्र ते बुडीत आहेत. माझ्या मते खर्चाचा प्रकार त्या वस्तूवर ठरत नाही, निर्णय कोणत्या दिवशी घेता यावर ठरतो.

---

खडूवाला

नारायणगावकर, आपले शेवटचे वाक्य मी तसेच्या तसे वर्गात वापरणार आहे. पाठ्यपुस्तकात स्थिर आणि बदलता यांच्या याद्या असतात: भाडे, विमा, व्याज एका बाजूला, कच्चा माल, मजुरी, वीज दुसऱ्या बाजूला. मुले याद्या पाठ करतात आणि विजेचे बिल पाहिले की अडतात, कारण त्या एकाच कागदावर 'स्थिर आकार' वेगळा असतो आणि वापरलेल्या युनिटांवरचा 'वीज आकार' वेगळा. मी आता घरचे नाही तर दुकानाचे किंवा गिरणीचे बिल मागवतो आणि विचारतो: महिनाभर शटर उघडले नाही तर यातली कोणती ओळ उरेल?

---

गाळप_हंगाम

मी सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात अनेक वर्षे काम केले. वरच्या चर्चेत थोडी भर घालतो.

स्थिर खर्चाचे ओझे आणि सरासरीची घसरण दाखवायला आमच्या व्यवसायासारखा व्यवसाय नाही. यंत्रसामग्री वर्षभर उभी असते, तिच्या कर्जाचे व्याज बारा महिने चालते, कायम कामगारांचे पगार बारा महिने द्यावे लागतात, पावसाळ्यात दुरुस्ती करावी लागते. आणि गाळप चालते ते साधारण चार-पाच महिने, ऊस कमी असला तर त्याहूनही कमी. ऊस पळवापळवीच्या बातम्या आपण वाचता, त्यामागे हेच गणित असते. शंभर दिवस गाळप झाले तर पोत्यामागे जो स्थिर खर्च पडतो, तो दीडशे दिवसांत दोन-तृतीयांशावर येतो.

मात्र गाळप लांबवत नेण्यालाही मर्यादा असते, आणि सीमांत खर्च का वाढतो याचे उत्तर तिथे मिळते. उन्हाळा चढला की उसाचा साखर उतारा घसरतो. शेतकऱ्याला पैसे टनावर द्यायचे असतात. समजा ऊस, तोडणी आणि वाहतूक मिळून टनाला ३६०० रुपये पडतात. थंडीत उतारा साडेअकरा टक्के असेल तर एका टनातून ११५ किलो साखर निघते, म्हणजे उसापोटी किलोला ३१ रुपये ३० पैसे. एप्रिलमध्ये उतारा दहावर आला की त्याच टनातून १०० किलो, म्हणजे ३६ रुपये. मशीन तेच, माणसे तीच, आणि पुढच्या किलोचा खर्च जवळजवळ पाच रुपयांनी वाढलेला. घटत्या फलाचा नियम (बाकी साधने तीच ठेवून एकच साधन वाढवत नेले की उत्पादनात पडणारी भर कमी होत जाते) शिकवताना पुस्तकात एका एकरावर मजूर वाढवत नेतात. त्यापेक्षा हे उदाहरण आपल्या मुलांच्या जास्त जवळचे आहे, असे मला वाटते.

एक सावधगिरीही नोंदवतो. 'किंमत सरासरी बदलत्या खर्चाखाली गेली की उत्पादन बंद' हे वाक्य फार सोपे आहे. हंगामाच्या मध्यावर कारखाना बंद करून आठवड्याने पुन्हा सुरू करणे फुकटात होत नाही. बॉयलर, अर्धवट प्रक्रियेतला रस, टोळ्यांना दिलेली उचल, नोंदवलेला ऊस, हे सगळे थांबण्याचीही किंमत मागतात. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. साठवायला जागा शिल्लक नव्हती आणि विहीर बंद करणे हाही खर्चच होता, म्हणून लोक तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या अशा अवस्थेला आले.

---

शंकासुर

सगळ्यांचे वाचून झाल्यावर माझी शंका. आपण सर्वांनी वर जाणारा सीमांत खर्च सिद्ध करणारी उदाहरणे निवडली आहेत. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र कोणी घेतला नाही.

मजुरी नगावर असेल तर पोळीमागचा वाढीव खर्च एकच राहतो. रेघ सपाट जाते आणि दोन शेगड्यांची क्षमता संपली की एकदम उभी होते. हा अपवाद आहे असे समजू नका. ऑक्सफर्डमधील हॉल आणि हिच या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या १९३९ साली छापून आलेल्या अभ्यासात ३८ उद्योजकांना 'तुम्ही किंमत कशी ठरवता' असे विचारले होते, तेव्हा बहुतेकांनी सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती (पुढच्या नगाने मिळणारे उत्पन्न) यांचा मेळ घालत असल्याचे सांगितले नाही. पूर्ण सरासरी खर्च काढतो आणि त्यावर नेहमीचा नफा चढवतो, असे सांगितले. आपल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी दुकान आहे ते हेच सांगतील. मग आपण त्यांना जे शिकवतो ते धंद्याचे वर्णन आहे की परीक्षेचे?

आणि आकृतीवर फार विसंबू नये याचा जुना पुरावा आहेच. अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९३१ मध्ये खर्चाच्या वक्रांवर लेख लिहिला. त्यांनी आकृती काढणाऱ्याला सांगितले की दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या सर्वांत खालच्या बिंदूतून न्यावा आणि तो कोणत्याही अल्पकालीन वक्राच्या वर जाऊ नये. आकृती काढणारे वाँग हे गणिती होते. त्यांनी हे शक्य नसल्याचे सांगितले. व्हायनर यांनी ऐकले नाही. पुढे चूक मान्य केली, पण लेख पुन्हा छापताना ती तशीच राहू दिली, येणाऱ्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ती शोधण्याचा आनंद मिळावा म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाचा हात जिथे घसरला, तिथे मोबाइलवर आकृती पाहणाऱ्या मुलाला काय बोल लावायचा?

---

शब्दार्थी

शंकासुर, व्हायनरच्या गोष्टीवरून एक युक्ती सुचली. तक्ता बरोबर द्यायचा आणि आकृती मुद्दाम चुकीची द्यायची, ज्यात सीमांत वक्र सरासरीला तळाच्या डावीकडे छेदतो आहे. 'चूक शोधा' म्हटले की कॅमेरा बंद ठेवणारी मुलेसुद्धा सरसावून बसतात.

---

नारायणगावकर

'कोणता खर्च' हा प्रश्न आमच्याकडे परीक्षेपुरता नाही. हमीभाव ठरवताना कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाच्या वेगवेगळ्या व्याख्या मांडतो. खिशातून गेलेला खर्च तो ए-२. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-२ अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की सी-२. सरकारने २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा केली आणि ती दीडपट ए-२ अधिक एफएलवर मोजली. शेतकरी संघटना ती सी-२ वर मागतात. जमीन माझीच आहे, मग तिचा खंड मी खर्चात का धरायचा, असे जो विद्यार्थी विचारेल त्याला संधी खर्च शिकवायची हीच वेळ. ती जमीन मी दुसऱ्याला कसायला दिली असती तर मला खंड मिळालाच असता.

---

रात्रपाळी

एक बाळबोध शंका. आमच्या अभ्यासक्रमात तासांची ध्वनिचित्रफीत करून ठेवतात. ती एकदा तयार झाली की शंभर मुलांनी पाहिली काय आणि दहा हजारांनी पाहिली काय, वाढीव खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे ऑनलाइन तास हेच या प्रकरणाचे उदाहरण झाले ना? मग फी इतकी का?

---

गाळप_हंगाम

रात्रपाळी, चित्रफितीबाबत तुमचे म्हणणे बरोबर आहे. सगळा खर्च पहिल्या प्रतीचा. पण वही तपासणाऱ्याचा आणि शंका सोडवणाऱ्याचा खर्च विद्यार्थ्यागणिक वाढतो. पन्नास छायाचित्रे तपासायला खडूवाला सरांची एक संध्याकाळ जात असेल, तर पाचशेला दहा संध्याकाळी जातील. फीचा प्रश्न मात्र खर्चाने सुटत नाही, तिथे मागणीचे प्रकरण उघडावे लागेल.

---

खडूवाला

सर्वांचे आभार. गेल्या आठवड्यात दोन तास झाले, त्यांचा वृत्तान्त लिहितो आणि शंकासुरांच्या शंकेला जमेल तसे उत्तर देतो.

पहिल्या तासाला त्या विद्यार्थिनीचाच तक्ता घेतला. शेकड्यावर मजुरी, पोळीमागे मजुरीचे अडीच रुपये आणि साहित्याचे तीन, म्हणजे साडेपाच. दोन शेगड्यांवर संध्याकाळी जास्तीत जास्त ४३० पोळ्या. मुलांनी वक्र काढला: साडेपाचच्या पातळीवर सपाट रेघ आणि ४३० वर उभी भिंत. किंमत साडेपाचच्या खाली असेल तर पुरवठा शून्य, वर असेल तर ४३०. पुस्तकातला गुळगुळीत वक्र कुठे गेला, असे एकाने विचारले. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवून विचारले की शेवटच्या पोळ्यांचा चढता खर्च दुसऱ्या तक्त्यात कोण सोसते आहे. उत्तर त्याच मुलीने दिले: 'आई. गर्दीत हात मंदावला तर तासाला पैसे कमी पडतात, मालकाचा खर्च तेवढाच राहतो.' घटत्या फलाचा नियम नाहीसा झालेला नव्हता, तो मालकाच्या वहीतून मजुराच्या अंगावर गेला होता. शंकासुर, वर्णन की परीक्षा या आपल्या प्रश्नाला माझे सध्याचे उत्तर असे: वक्राचा आकार करारावर आणि क्षमतेवर ठरतो, तो प्रत्येक धंद्यात मोजून पाहावा लागतो, पण पुढच्या नगाने किती मिळाले आणि किती गेले, हा प्रश्न आकार कोणताही असला तरी टळत नाही. सरासरीवर नफा चढवणारा दुकानदारसुद्धा मोठी ऑर्डर घासाघीस करून आली की तोच हिशेब करतो.

दुसऱ्या तासाला बाजार भरवला. ही कल्पना माझी नाही. अर्थशास्त्रज्ञ चेंबरलिन हार्वर्डमध्ये वर्गात असे बाजार भरवत, त्यांचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आले. त्यांच्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे नियम बदलून १९६२ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि २००२ साली त्यांना नोबेल मिळाले. मी वीस मुलांना विक्रेते केले आणि प्रत्येकाला खासगी संदेशात फक्त त्याचा खर्च कळवला, कोणाला ४ रुपये, कोणाला ११. बाकीच्या वीस जणांना ते जास्तीत जास्त किती देऊ शकतात ते कळवले. सौदे गप्पांच्या चौकटीत उघडपणे करायचे. पहिल्या फेरीत गोंधळ माजला, सौदे ६ पासून १० पर्यंत विखुरले. तिसऱ्या फेरीपर्यंत बहुतेक सौदे ८ च्या आसपास आले आणि ज्यांचा खर्च ९ च्या वर होता ते गप्प बसून राहिले. शेवटी सगळ्या विक्रेत्यांचे खर्च चढत्या क्रमाने लावून पडद्यावर दाखवले. जिना तयार झाला, तो पुरवठा वक्र. ऑनलाइन वर्गाचा इथे मला प्रथमच फायदा वाटला, कारण खासगी आकडा खरोखर खासगी राहतो; वर्गात चिठ्ठ्या वाटल्या की शेजारी डोकावतो.

एका मुलाने ९ चा माल ८ ला विकला. चुकून नव्हे. कारण विचारल्यावर म्हणाला, 'सर, तो नेहमीचा गिऱ्हाईक होता, पुढच्या फेरीत परत आला असता.' त्याचा तोटा मी तक्त्यात नोंदवला आणि त्याचे वाक्य तक्त्याखाली लिहून ठेवले. त्याच्या घरी किराणा दुकान आहे.

रात्रपाळी, आपल्या सूचनेप्रमाणे तक्ता आता आदल्या दिवशी जातो. पुढच्या मंगळवारी दीर्घकाळ घेणार आहे: तिसरी शेगडी ४५ हप्त्यांवर मिळते, घ्यावी की नाही, आणि घेतली तर पहिल्या तक्त्यातली कोणती ओळ कशी बदलेल. तो तक्ता भरायला मी त्या विद्यार्थिनीलाच सांगितले आहे. शेगडीच्या हप्त्याचा आकडा ती आईला विचारून कळवणार आहे.